बॉयलरच्या कपाटातली चांदीची बाई

सुमनकाकू,

तुम्ही जाऊन आज तीन आठवडे झाले, आणि धुतलेले टॉवेल कुठे ठेवायचे हे या घरात अजून ठरलेलं नाही. वसंतकाका ते घडी करून जिन्याच्या कठड्यावर टाकतात. मी वर माझ्या खोलीत खुर्चीवर ठेवते. बॉयलरच्या कपाटाकडे आम्ही दोघंही जात नाही. "दमट राहतील गं, लीड्सच्या हवेत काय वाळतंय!" हे तुमचं वाक्य मला अजून रोज ऐकू येतं, आणि ते दर वेळी त्या कपाटाच्या बाजूनंच येतं.

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. गणपतीतल्या नाटकांचे कपडे तुम्ही कसे शिवायचात, नव्यानं आलेल्या मुलींना पहिला हिवाळा कसा निभावून दिलात, तुमच्या हातची मेथीची भाजी. मंडळाच्या अंकासाठी मला चार ओळी लिहायला सांगितल्यात, कारण चार वर्षं मी तुमच्या घरात भाड्यानं राहिले आणि मला म्हणे लिहिता येतं. त्या चार ओळी काही केल्या होत नाहीत. मला जे सांगायचंय ते त्या सभेतल्या कुणाला सांगायचं नाहीये. तुम्हाला ठाऊक नसलेलं काहीतरी मला आता ठाऊक झालंय, आणि ते तुम्हाला सांगायचं राहिलंय.

मी आले तेव्हा दोन हजार चारचा सप्टेंबर होता. पुण्याहून वर्क परमिटवर आले होते, इथल्या एका म्युझियममध्ये जुन्या नाण्यांचे फोटो काढायला, वजनं करायला आणि वर्णनं लिहायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडलात, "टॉवेल बॉयलरच्या कपाटातून घे गं, गरम असतील!" मी जिन्यावरच्या त्या अरुंद कपाटाचं दार उघडलं. खाली तांब्याची टाकी, वरच्या फळीवर टॉवेल, आणि मधल्या फळीवर तुमचे देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, तुमच्या वडिलांनी घडवलेला खंडोबाचा टाक. माणसं थंडीनं काकडताहेत आणि देव तेवढे उबेत, म्हणून मला हसू आलं.

मग अगदी कडेला ठेवलेल्या एका चांदीच्या चकतीवर नजर गेली. चहाच्या कपाच्या बुडाएवढी गोल, कागदासारखी पातळ. तिच्यावर एका बाईचा चेहरा. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, डोळ्यांच्या जागी दोन थेंब, तोंड म्हणजे एक बारीक रेघ. मी टॉवेल काढायला डावीकडे झुकले आणि तो चेहरा माझ्याबरोबर डावीकडे वळला. मी उजवीकडे सरकले. तोही सरकला.

मी दार लावून टाकलं आणि ओल्या केसांनीच कामावर गेले.

बसमध्ये बसल्यावर डोकं चालायला लागलं. ती चकती उलटी ठेवलेली होती. चेहऱ्याची आत गेलेली, पोकळ बाजू पुढे होती. माणसाच्या डोळ्याला पोकळ चेहरा पटतच नाही. तो त्याला फुगीर करूनच बघतो, आणि मग आपण हललो की तो चेहरा आपल्याकडे वळल्यासारखा वाटतो. हे मी वाचलेलं होतं, कॉलेजात त्यावर एक तासही झाला होता. संध्याकाळी घरी आल्या आल्या मी पुन्हा कपाट उघडून बघितलं. सगळं माहीत असूनही ती वळली.

रविवारी तुम्ही पोळ्या करत होतात तेव्हा मी विषय काढला.

"काकू, तो कडेचा टाक माहेरचा का?"

"नाही गं, तो इथलाच. बटणांच्या स्टॉलवर मिळाला."

तुम्ही तेव्हा शिवणाच्या फॅक्टरीत होतात. बाजारात बटणं घ्यायला गेलात आणि पत्र्याच्या बटणांच्या ट्रेमध्ये ही दिसली. स्टॉलवाला म्हणाला, ब्रूचचं झाकण असेल, लव्ह. पण तुम्ही साताऱ्याकडच्या टाक घडवणाऱ्याची मुलगी. कुणाच्या घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देवात बसवायचा, त्यानं बाहेर भटकू नये म्हणून. असे कितीतरी टाक तुम्ही लहानपणी वडिलांच्या हाताखाली पॉलिश केले होते. "पातळ पत्रा, पुढे उठाव, मागे पोकळ. हातात घेतल्याबरोबर कळलं मला. इथे कसा आला ते त्या खंडोबालाच ठाऊक."

आणि मी अठ्ठावीस वर्षांची शहाणी. म्हटलं, "काकू, तो टाक नाही. नाणं आहे ते. जर्मनीतलं, आठशे वर्षांपूर्वीचं."

तुम्ही हसलात. "नाणं? फुंकर मारली तर उडेल असलं नाणं असतं का कुठे?"

मग मी तुम्हाला सांगत बसले. हार्झ म्हणून डोंगर आहेत, तिथे चांदीच्या खाणी होत्या. त्या डोंगरांच्या पायथ्याशी जोगिणींचे मठ होते, आणि काही मठांची प्रमुख बाई म्हणजे नुसती पूजाअर्चा करणारी नव्हती. आजूबाजूच्या गावावर तिचं राज्य चाले. बाजार तिचा, न्याय तिचा, टांकसाळ तिची. नाण्यांवर चेहराही तिचाच. पत्रा इतका पातळ की दोन्हीकडून ठसा उमटवणं शक्य नव्हतं. म्हणून खाली चामडं ठेवायचं, वर पत्रा, त्यावर ठसा, आणि एक घाव.

"चामडं कशाला? आमच्यात राळेवर ठेवतात," तुम्ही म्हणालात, आणि कणकेचा गोळा पुढे ओढलात. टेकअवेच्या डब्याचं अॅल्युमिनियमचं झाकण कापून त्यावर ठेवलंत आणि चमच्याच्या दांड्यानं दाबत दाबत पाच मिनिटांत एक चेहरा उठवून दाखवलात. कुठे दाब द्यायचा, कुठे पत्रा फाटतो, नाक शेवटी का काढायचं. काकू, ते नाणं कसं घडलं हे मला त्या सकाळी जेवढं कळलं तेवढं एकाही पुस्तकातून कळलं नव्हतं. पुढे म्युझियममध्ये माझी जी वर्णनं वाखाणली गेली, त्यांतली निम्मी तुमच्या कणकेवर शिकलेली होती. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.

"मग अशी खूप असतील," तुम्ही विचारलंत.

"फार नाहीत. त्या बायका वरचेवर जुनी नाणी परत मागवायच्या. जास्त जुनी घ्यायच्या, कमी नवी द्यायच्या आणि जुनी वितळवायच्या. नवी बाई गादीवर आली की आधीच्या बाईचा चेहरा भट्टीत जायचा."

"मग ही कशी राहिली?"

"कुणीतरी मडक्यात घालून पुरून ठेवली असणार. पुरलेलीच तेवढी राहिली."

तुमचं लाटणं थांबलं. "आणि ज्यांनी पुरली ते?"

"ते परत आले नाहीत. आले असते तर काढून घेतली असती ना."

तव्यावरची पोळी करपायला लागली. मग म्हणालात, "यायचं असेलही त्यांना. जागाच कुणी सांगितली नसेल."

मला वाटलं, तुम्ही सहज बोलताय. दुसऱ्या दिवशी मी उत्साहानं कामावरून एका तशाच नाण्याच्या फोटोचा प्रिंट घेऊन आले. तोच पदर, तेच थेंबासारखे डोळे. तुम्ही कागद हातात घेतलात आणि लगेच उलटा टेबलावर ठेवलात.

"हिच्यासारखी दुसरी नाही."

"आहे ना काकू, एकाच ठशातून पुष्कळ निघतात. शेवटी नाणंच आहे ते."

तुम्ही हात धुतलेत, वर गेलात आणि कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. दोन दिवस तुम्ही माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोललात. त्या एका वाक्याबद्दल मी तुमची कधी माफी मागितली नाही. आज मागते.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी तुम्ही इस्त्री करता करता सांगितलंत. माझ्याकडे न बघता, शर्टाच्या कॉलरकडे बघत. लग्न करून तुम्हाला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. आठवा महिना भरत आला होता. बाहेर बर्फ होता. मूल हाललं नाही म्हणून हॉस्पिटलात गेलात, आणि ते गेलेलंच जन्मलं.

"मला दाखवलं नाही गं. हिरव्या कपड्यात गुंडाळून नेलं. मी सिस्टरला विचारलं, तर ती म्हणाली, बेस्ट नॉट, लव्ह. वुई विल सी टु एव्हरीथिंग. मला तेव्हा इंग्लिश कुठे येत होतं? त्यातलं 'सी' एवढंच कळलं. मला वाटलं, दाखवणार आहेत. मी वाट बघत बसले."

इस्त्रीतून वाफ निघत होती.

"मुलगी होती, एवढं ह्यांनी सांगितलं. मी विचारलं, तुम्ही बघितलीत? हे म्हणाले, नाही. कुठे नेली, तर म्हणाले, हॉस्पिटलनं केलं सगळं. तेव्हा असंच करायचे इथे. कुणी काही विचारायचं नाही, घरी जायचं आणि विसरायचं. महिन्यानं मी कामावर गेले. बटणं आणायला बाजारात गेले, तर ही त्या ट्रेमध्ये पडलेली."

मग तुम्ही मला वर नेलंत आणि पहिल्यांदा ती माझ्या तळहातावर ठेवलीत, उठावाची बाजू वर करून. "अशी बघितली की ती कुणीतरी मोठी बाई असते. तू म्हणतेस ती राणी." मग नखानं हलकेच उलटी केलीत. "अशी बघितली की ती लहान होते. आणि माझ्याकडे बघते. तीस वर्षं झाली, मी कुठेही उभी राहिले तरी माझ्याकडेच बघते."

खाली जाऊन मी चहा केला.

त्यानंतर तुम्ही माझ्यापासून काही लपवलं नाहीत, आणि मला ते सोपं गेलं नाही. सकाळी हीटिंग सुरू झालं की कपाटातून बारीक आवाज यायचा, नखानं काचेवर टिचकी मारावी तसा. गरम झाल्यावर पातळ धातू असा वाजतो. तुम्ही पोहे परतता परतता म्हणायचात, "उठली." आणि ओट्यावर एक लहानशी वाटी काढून ठेवायचात. मी त्या वाटीकडे बघायचं टाळायचे. वसंतकाका त्या कपाटाचंच टाळायचे. जिन्यावरून जाताना ते भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून जायचे. स्वतःचा टॉवेल बेडरूममधल्या रेडिएटरवर ठेवायचे. मला वाटायचं, ह्यांचा देवावर विश्वास नाही.

मग आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. पेपरात यायला लागलं होतं की अशा बाळांच्या जागा आता शोधून मिळतात, जुनी रजिस्टरं उघडतात. मी कात्रण घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले.

"नको," तुम्ही म्हणालात.

"पण का नको काकू? एक पत्र लिहायचंय फक्त."

"नाही सापडली तर? आणि सापडली तर? तीस वर्षं कुठे होतीस म्हणून विचारलं तिनं, तर मी काय सांगू?"

मी ऐकलं नाही. काकांच्या अलॉटमेंटवर, त्यांनी भाजीसाठी भाड्यानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर गेले. ते वाफ्यात लीक उपटत होते. म्हटलं, आईवडिलांपैकी एकाची सही लागते, तुम्ही करा, बाकी मी बघते. त्यांनी मान वर केली नाही. "त्यात पडू नकोस," म्हणाले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. घरी येऊन मी रागानं तुम्हाला म्हटलं, काका दगड आहेत. तुम्ही मला त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं झापलंत. "ह्यांना काही बोलायचं नाही. समजलं?"

गेल्या हिवाळ्यात तुम्ही मेथी निवडत बसला होतात. एकदम म्हणालात, "मी गेले की ती माझ्याबरोबर दे."

"काकू, अहो, ती वितळून जाईल."

"जाऊ दे."

"आठशे वर्षं टिकलीय ती. तुम्हाला कल्पना नाही, अशी अख्खी मिळत नाहीत. असलं काही जाळायचं नसतं."

"तुझ्या त्या बायका वितळवतच होत्या ना? मग?" तुम्ही काड्या वेगळ्या करत राहिलात. "हे करणार नाहीत. ते तिच्याकडे बघतही नाहीत. म्हणून तुला सांगतेय."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पुन्हा विषय निघेल असं मला वाटलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मला अर्धी सुट्टी होती. दुपारी साडेबाराला दार उघडलं आणि जिन्यावर तुम्ही दिसलात. कपाटाचं दार उघडं, त्याला पाठ टेकून तुम्ही जमिनीवर बसलेल्या, मांडीवर दोन टॉवेल, मान थोडी वर केलेली. कुणीतरी आपल्याशी बोलतंय आणि आपण ऐकतोय, तसा चेहरा. मी हाका मारल्या. अॅम्ब्युलन्स आली. हिरव्या कपड्यातल्या त्या बाईनं तुम्हाला तपासलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि मग तुमची उजवी मूठ हळूहळू उघडली. आत ती होती.

काकू, ती चकती मी एकदा म्युझियमच्या हातमोज्यांनी उचलली होती, तेव्हाही ती मोडेल म्हणून श्वास रोखून धरला होता. तशा घट्ट मुठीत तिचे तुकडे व्हायला हवे होते. तिला साधा पोचा पडला नव्हता. पोकळ बाजू वर होती. अॅम्ब्युलन्सवाली बाई तिच्याकडे वाकली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा वाकली. "शी'ज वॉचिंग मी," ती हळूच म्हणाली. मग तिनं ती माझ्या हातात दिली आणि हात पँटला पुसला.

आता मी काय केलं ते सांगते. फ्यूनरल डायरेक्टरच्या चॅपलमध्ये तुम्हाला हिरवी साडी नेसवली होती. तोंडात तुळशीचं पान ठेवलं होतं. माझ्या पर्समध्ये गोल डबी होती, आत स्पंज, स्पंजात ती. त्या माणसानं अदबीनं विचारलं, आणखी काही बरोबर ठेवायचं आहे का? काका बाहेर बसले होते. मी पर्सची चेन उघडली. डबीचं झाकणही उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी झाकण लावून टाकलं. "नथिंग एल्स," म्हटलं.

मी स्वतःला सांगितलं की इतिहासासाठी केलं. खरं तसं नव्हतं. मला ती सोडवेना. चार वर्षं ती माझ्याकडेही बघत होती, काकू.

तुमच्या अस्थी दोन-तीन दिवसांनी आल्या, हिरव्या प्लॅस्टिकच्या बरणीत. काकांनी ती डायनिंग टेबलावर तुमच्या खुर्चीसमोर ठेवली. मला राहवेना. मी डबी त्यांच्यापुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. तुम्ही काय मागितलं होतंत आणि मी काय केलं नाही. मला वाटलं, घर सोड म्हणतील.

त्यांनी झाकण न उघडताच डबी माझ्याकडे परत सरकवली. म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

दोन बस बदलून आम्ही शहराच्या कडेला असलेल्या एका जुन्या दफनभूमीत गेलो. काकांच्या हातात कापडी पिशवी होती. ते एकाही पाटीकडे न बघता चालत होते. चर्चच्या मागून, पाण्याच्या नळाजवळून, कुंपणापलीकडे. तिथे नुसतं गवत होतं. मध्येच एखादी भिरभिरं लावलेली काठी, भिजून काळं पडलेलं एखादं खेळण्यातलं अस्वल. काका एका जागी थांबले.

"इथे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कागदावर सही मीच केली होती ना. जागेचं नाव होतं त्यावर. आठ बाळं आहेत इथे, एकत्र." ते खाली बघून बोलत होते. "महिन्यातून एकदा येतो. केस कापायला जातो म्हणून सांगायचो."

तुम्ही त्यांना नेहमी चिडवायचात, एवढ्याशा केसांना अर्धा दिवस कसा लागतो म्हणून. तीस वर्षांहून जास्त, काकू. बर्फातसुद्धा.

मी विचारलं, "मग काकूंना का नाही सांगितलंत?"

"सिस्टर म्हणाली, तिला सांगू नका, लवकर विसरेल. मी खोलीत आलो तर सुमननं पहिलं हेच विचारलं, तुम्ही बघितलीत? मी नाही म्हणून बसलो. एकदा नाही म्हटल्यावर मग..." वारा फार होता. मग ते म्हणाले, "मी बघितली होती. सिस्टरनं कपडा बाजूला करून दाखवली मला."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"महिन्यानं सुमन बाजारातून आली आणि म्हणाली, बघा मला काय मिळालं. पोकळ बाजू वर करून माझ्यापुढे धरलं. तोच चेहरा होता गं. तेच डोळे, मिटल्यासारखे. तोंडाची तीच रेघ. मी घाबरून मागे सरलो. तिला वाटलं, मला आवडलं नाही. त्यानंतर मी त्या कपाटात एकदाही बघू शकलो नाही."

माझ्याकडे याचं उत्तर आहे. आठशे वर्षं झिजलेला चेहरा, दोन थेंब आणि एक रेघ. तान्ह्या बाळाचा कुठलाही चेहरा असाच दिसेल. हे मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते आणि माझे दात वाजत होते.

काकांनी पिशवीतून बरणी काढली आणि तुमच्या मिसळणाच्या डब्यातला चमचा. गुडघे टेकून त्यांनी चमच्यानं गवताचा एक तुकडा उचलला, खाली थोडी माती काढली आणि तुमच्यातलं चमचाभर तिथे ठेवलं. कुणाची परवानगी घेतली नव्हती. "सुमन, ही बघ," एवढंच म्हणाले. माती सारखी केली, गवत परत बसवलं आणि वरून हात फिरवत राहिले, चादर सारखी करावी तसा.

घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. सरळ जिना चढून कपाट उघडलं, माझ्याकडून डबी घेतली आणि आपल्या हातानं तिला फळीवर ठेवलं, तुम्ही ठेवायचात तशीच, पोकळ बाजू पुढे. मग तिच्यासमोर उभे राहिले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "तुला वळताना दिसायची ना? बघ बरं."

मी डावीकडे झुकले. उजवीकडे सरकले. खाली बसले, उभी राहिले. काकू, ती वळली नाही. मला चेहरा दिसलाच नाही. पत्र्यातला एक खळगा दिसला, नाकाच्या जागी खड्डा, डोळ्यांच्या जागी दोन लहान खड्डे. जे खरोखर तिथे आहे तेवढंच.

"मलाही नाही दिसत," काका म्हणाले.

उजेड कुठल्या बाजूनं पडतो यावर ते अवलंबून असतं. जिन्यातला बल्ब त्याच आठवड्यात बदलला होता. टॉर्च घेऊन पाच मिनिटांत खातरी करता येईल. मी केलेली नाही आणि करणारही नाही. आम्ही दार लावलं ते लावलंच. सकाळी हीटिंग सुरू होतं तेव्हा मी कान देऊन ऐकते. आतून काही वाजत नाही.

तुमच्याजवळ मी चार वर्षं राहिले. मला वाटायचं, मी तुम्हाला त्या नाण्याबद्दल शिकवतेय. तुम्ही मला ऊब दिलीत, जेवू घातलंत आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतंत ते माझ्यापाशी सांगितलंत. मी त्यातलं काहीही नीट जपलं नाही, फक्त चांदी तेवढी जपली. आणि ज्या माणसाला दगड म्हणाले त्याची आता रोज सकाळी पोह्यांसाठी वाट बघते. त्यांना तुमच्यासारखे जमत नाहीत. कांदा कच्चा राहतो.

आज दुपारी त्यांनी माझ्यापुढे कौन्सिलचा फॉर्म ठेवला. त्या गवतावर एक छोटी पाटी लावायची परवानगी मिळते, त्याचा. इंग्लिश तूच लिही म्हणाले. तुमचं आडनाव, त्यांची सही, जागेचा नंबर हे सगळं मी भरलं. मग बाळाचं नाव या रकान्यापाशी थांबले.

"काका, इथे बेबी आणि आडनाव लिहितात बहुतेक."

"नाव आहे," ते म्हणाले.

मी 'बेबी' लिहायला टेकवलेलं पेन उचललं.

"सिस्टरनं विचारलं होतं, हॅज शी अ नेम? दोन मिनिटं होती. दोन अक्षरीच सुचलं." त्यांनी चष्मा काढला. "तिथे गेलो की त्याच नावानं हाक मारतो. पण सुमनला कसं सांगणार? मी तर बघितलीच नाही म्हणालो होतो."

त्यांनी नाव सांगितलं. मी रकान्यात लिहिलं, जे, ए, आय. बरोबर आहे का म्हणून त्यांना दाखवलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि मग जिन्याच्या दिशेनं, जेवायला बोलवावं तशा मोठ्या आवाजात, एकदा म्हणून बघितलं. या घरात ते नाव आज पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

तुम्हाला ऐकू गेलं की नाही कळायला मार्ग नाही, म्हणून लिहून ठेवते. काकू, तुमच्या मुलीचं नाव जाई.